वेठबिगारांचा सनदी अधिकारी : एस. आर. शंकरन

लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की आपल्या ग्रुपवर फोटो फिरू लागतात. आपल्या वस्तीतला मुलगा, आपल्या शाळेतली मुलगी अधिकारी झाली म्हणून मिरवणूक निघते, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला जातो, सत्कार होतात. हे व्हायलाच हवे. पण सत्काराच्या भाषणात कोणी सांगत नाही की पोस्टिंग मिळाल्यावर पहिल्या सोमवारी त्या खुर्चीत बसून नेमके करायचे काय. त्यासाठी आंध्र प्रदेशातल्या एका सनदी अधिकाऱ्याचे आयुष्य आपल्या तरुणांनी वाचले पाहिजे. त्यांचे नाव एस. आर. शंकरन.

शंकरन आपल्या समाजाचे नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. जन्म 22 ऑक्टोबर 1934, तमिळनाडूच्या तंजावर भागातल्या ब्राह्मण कुटुंबातला. 1950 च्या दशकाच्या शेवटी ते भारतीय प्रशासन सेवेत आले आणि त्यांना आंध्र प्रदेश हे राज्य मिळाले. नेल्लोरचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांनी काम केले. पुढे दिल्लीत केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्याबरोबर काम केले. देशातल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तो हा काळ. 1973 मध्ये कुमारमंगलम विमान अपघातात गेले. एवढी ओळख असलेला अधिकारी दिल्लीतच राहून मोठ्या खात्यांच्या रांगेत लागला असता. शंकरन आंध्रात परतले आणि समाजकल्याण खात्यात गेले. अधिकाऱ्यांच्या जगात समाजकल्याण म्हणजे शिक्षेची नेमणूक समजली जायची. आजही फारसे वेगळे नाही.

याच वेळी एक कायदा आला होता. ऑक्टोबर 1975 मध्ये अध्यादेश निघाला आणि 1976 मध्ये वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा झाला. संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला 1950 मध्येच बंदी घातली होती, पण त्या बंदीला हातपाय फुटायला पंचवीस वर्षे लागली. हा कायदा नीट वाचण्यासारखा आहे. त्याने एका फटक्यात सर्व वेठबिगार मोकळे केले. त्यांच्या डोक्यावरचे कर्ज रद्द ठरवले. गहाण पडलेली वस्तू, जमीन परत करायला लावली. कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर न टाकता सावकारावर टाकली. मजुराला पुन्हा वेठीला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि हे सगळे राबवायचे कोणी, तर जिल्हाधिकाऱ्याने. त्याच्या मदतीला दक्षता समिती, आणि त्या समितीत अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत.

कागदावर काही कमी नव्हते. मग बहुतेक राज्यांनी काय कळवले? आमच्याकडे वेठबिगार नाहीतच! तलाठ्याने गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून चहा घेत घेत विचारले, तुमच्या गावात वेठबिगार आहे का, की तिथून दुसरे काय उत्तर येणार?

मराठवाड्याच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेलंगणा आणि मराठवाडा 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. तिकडे वेट्टी, इकडे वेठ. तिकडे वर्षाच्या बोलीवर बांधलेला जीतगाडू, इकडे सालगडी. बापाने मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला घेतलेली उचल मुलगा फेडतोय, व्याजाचा हिशोब मालकाच्या वहीत, आणि वही वाचता येत नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेब इतकी वर्षे का झगडले ते ज्याला कळते, त्याला हा जाच कळतो. जन्माबरोबर चिकटलेली चाकरी, एवढाच त्याचा अर्थ.

शंकरन यांनी उलट बाजूने सुरुवात केली. गावात गेले की आधी दलित वस्तीत, आदिवासी पाड्यावर जायचे. मजुरांना जमवून सांगायचे की कायदा झाला आहे, तुमचे कर्ज संपले आहे, उद्यापासून मालकाकडे जायचे बंधन नाही. हाताखालच्या अधिकाऱ्यांनाही हेच करायला लावायचे. वरवर साधे वाटते. पण त्या गावात सरकारचा इतका मोठा माणूस दलितांच्या वस्तीत बसून मालकाच्या विरोधात बोलतोय, हे आधी कोणी पाहिले नव्हते. आंध्रात हजारो वेठबिगारांची सुटका नोंदवली गेली. सुटल्यावर खायचे काय, हा प्रश्न लगेच येतो. पुनर्वसनाची केंद्राची योजना 1978 मध्ये आली, माणशी 4000 रुपयांची, निम्मे केंद्र आणि निम्मे राज्य. ते पैसे, जमिनीचा तुकडा, जनावर, किमान वेतन यांच्या मागे लागणे हे कंटाळवाणे काम असते. त्यात ना फोटो, ना टाळ्या. शंकरन यांनी उमेदीची वर्षे त्यात घातली.

जमीनदारांना हे पचणे शक्य नव्हते. त्यांचीच माणसे विधानसभेत बसली होती. मुख्यमंत्री चेन्ना रेड्डी यांच्याशी त्यांचे खटकले. हा अधिकारी गरिबांना भडकावतो, असा आक्षेप होता. शंकरन यांचे म्हणणे असे की कायदा लोकांना सांगणे हेच तर माझे काम आहे. ते काम बदलायला तयार झाले नाहीत, रजेवर गेले.

मग त्रिपुरातून बोलावणे आले. तिथे 1978 पासून डाव्या आघाडीचे सरकार होते आणि मुख्यमंत्री होते नृपेन चक्रवर्ती. त्यांनी शंकरन यांना मुख्य सचिव म्हणून मागून घेतले. ही जोडी विलक्षण होती. दोघेही अविवाहित, दोघांच्याही गरजा नाममात्र. चक्रवर्तींच्या पत्र्याच्या पेटीची गोष्ट प्रसिद्ध आहे: त्यांची सगळी मालमत्ता तीत मावायची. 1980 मध्ये त्रिपुरात आदिवासी आणि बंगाली यांच्यात भयंकर दंगली झाल्या होत्या आणि त्यानंतर आदिवासींच्या स्वायत्त जिल्हा परिषदेचा कारभार उभा राहिला. अशा दिवसांत राज्याचे प्रशासन शंकरन यांच्या हातात होते. काहींच्या मते तेव्हा ते एका पक्षाच्या सरकारचे फारच लाडके झाले. मला तसे वाटत नाही. आंध्रात काँग्रेसच्या राजवटीत ते जे करत होते, तेच त्रिपुरात डाव्यांच्या राजवटीत करत होते. फरक एवढाच की इथे वरचा माणूस आडवा येत नव्हता.

त्रिपुराहून ते परत आंध्रात आले. अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी सरकारी निवासी शाळांचे जे जाळे आंध्रात उभे राहिले, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. वस्तीतल्या मुलाला गावच्या शाळेत मागे बसवतात ना, मग त्याला चांगले वसतिगृह, चांगले शिक्षक आणि पोटभर जेवण एकाच आवारात द्या, अशी ती सरळ कल्पना. 2014 मध्ये तेरा वर्षांची मालावत पूर्णा एव्हरेस्टवर चढली आणि तिने शिखरावर बाबासाहेबांचा फोटो नेला होता, हे आपल्याला आठवत असेल. ती याच शाळांतली.

1987 च्या डिसेंबरमध्ये पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या गुर्तेडू भागात आदिवासी विकासाच्या कामासाठी गेलेल्या काही अधिकाऱ्यांना पीपल्स वॉरच्या नक्षलवाद्यांनी पळवून नेले. त्यांत शंकरन होते. तुरुंगातले काही नक्षलवादी सोडल्यावर अधिकाऱ्यांची सुटका झाली. या प्रसंगानंतर दुसरा कोणी आयुष्यभर जंगलाचे नाव काढता ना. शंकरन यांनी दिल्लीत ग्रामीण विकास खात्याचे सचिवपद सांभाळले, 1992 मध्ये निवृत्त झाले आणि ज्यांनी पळवले त्यांच्याशी बोलणी करण्याच्या कामालाच लागले. 1997 मध्ये हैदराबादेत नागरिकांची एक समिती स्थापन झाली, तिचे ते निमंत्रक. पोलिसांच्या बनावट चकमकींवर ही समिती जितकी कडक बोलायची, तितकीच नक्षलवाद्यांनी गावातल्या साध्या माणसाला खबऱ्या ठरवून मारण्यावरही. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या मिळाल्या. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकार आणि नक्षलवादी संघटना हैदराबादेत समोरासमोर बसल्या, त्यात या समितीच्या सात वर्षांच्या खटपटीचा वाटा होता. जानेवारी 2005 मध्ये बोलणी मोडली. चकमकी पुन्हा सुरू झाल्या. याला अपयश म्हणायचे तर म्हणा, पण मेलेल्यांत दोन्हीकडे आपलीच पोरे होती, पोलीस शिपाई म्हणून आणि दलममधली म्हणूनही.

त्याच वर्षी पद्मभूषण जाहीर झाले. त्यांनी ते घेतले नाही. त्याचा गवगवाही केला नाही.

पगार आणि नंतर निवृत्तिवेतन यातला मोठा भाग ते गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर खर्च करायचे. खोलीत कोणीही आले, भंगी समाजाची बाई असो की मंत्री, की उठून उभे राहायचे आणि खुर्ची द्यायचे, असे त्यांना भेटलेली माणसे सांगतात. आपल्यातल्या किती साहेबांच्या केबिनमध्ये आपल्याच वस्तीतला माणूस बसू शकतो, हा विचार इथे मनात आल्याशिवाय राहत नाही.

शेवटची वर्षे त्यांनी मैला वाहणाऱ्यांसाठी दिली. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला होता, पण गत वेठबिगारीच्या कायद्यासारखीच: राज्ये म्हणायची, आमच्याकडे असे कोणी नाहीच. बेझवाडा विल्सन आणि शंकरन यांनी सफाई कर्मचारी आंदोलन उभे केले. राज्ये नाही म्हणतात तर पुरावा गोळा करा, असा रस्ता धरला. कार्यकर्ते गल्लोगल्ली कोरडे संडास शोधत, फोटो काढत, बायकांची नावे लिहून घेत फिरले. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. राज्यांनी शपथपत्रावर नाकारायचे आणि आंदोलनाने फोटो समोर ठेवायचे, असे अकरा वर्षे चालले.

निकाल लागला 27 मार्च 2014 रोजी. 1993 पासून गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचा आदेश त्यात होता. 2023 मध्ये न्यायालयाने ही रक्कम 30 लाख केली. शंकरन 7 ऑक्टोबर 2010 रोजी हैदराबादेत वारले होते. आपल्या शहरात सेप्टिक टँकमध्ये कोणी गुदमरून गेला, तर त्याच्या बायकोला हे पैसे आपोआप मिळत नाहीत. अर्ज करावा लागतो, आणि तो जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर जातो.