कोलंबिया विद्यापीठांतील भीमराव

साताऱ्याच्या राजवाड्यांतील ज्या सरकारी शाळेला पुढें प्रतापसिंह हायस्कूल हें नांव मिळालें, तिच्या नोंदपुस्तकांत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं एका नऊ वर्षांच्या मुलाचें नांव लिहिलें गेलें. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु सातारा व सांगलीकडील आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस प्रथम एक विद्यार्थी म्हणून ओळखावें, असें आम्हांस वाटतें.

साताऱ्यास असतांनाच त्यांना आईचा वियोग झाला. वर्गांत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांनीं बसावें व संध्याकाळीं तें गोणपाट परत घरीं न्यावें, असा दंडक होता. कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायानें नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला तर पाण्यावांचून राहावें लागे. शहरांत न्हावी होते, पण भावाचे केस बहिणीला कापावे लागत. मुलांनो, हें दूरदेशचें वृत्त नव्हे. ज्या रस्त्यांनीं आपण जातों येतों, तेथेंच हें घडलें आहे.

पुढें कुटुंब मुंबईस गेलें. एल्फिन्स्टन हायस्कूल व कॉलेज यांतून शिक्षण घेऊन भीमराव बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्यें वडील निवर्तले. त्याच वर्षीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ति मिळाली आणि जुलै महिन्यांत ते न्यूयॉर्कला पोहोंचले.

कोलंबिया हें अमेरिकेंतील फार जुन्या विद्यापीठांपैकीं एक. दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेनें १७५४ सालीं किंग्ज कॉलेज या नांवानें तें निघालें. देश स्वतंत्र झाल्यावर राजाचें नांव गेलें व १७८४ मध्यें कोलंबिया हें नांव आलें. विद्यापीठाच्या मधोमध रुंद पायऱ्या असून त्यांवर विद्यामातेची ब्राँझची मूर्ति १९०३ पासून विराजमान आहे. तिच्या मांडीवर ग्रंथ असून हात पसरलेले आहेत. तिच्या वस्त्राच्या चुण्यांत एक घुबड दडविलें आहे. आपल्याकडे अशुभ मानलेला हा पक्षी पाश्चात्यांत विद्येचें चिन्ह समजला जातो, आणि नव्या विद्यार्थ्यांत जो तें प्रथम शोधील त्याच्या यशाची खात्री मानण्याचा तेथें प्रघात आहे. नाताळांत मोठा ओंडका पेटविण्याची जुनी चाल १९१० मध्यें पुन्हां सुरू झाली होती. खालच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांत झटापटीही रंगत.

भीमराव या गमतींत फारसे रमले नाहींत. आरंभीं ते हार्टले हॉल या वसतिगृहांत उतरले. तेथील जेवण रुचेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबांत गेले, आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भाथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. येथें त्यांना कोणी वेगळें बसवीत नव्हतें. सर्वांबरोबर एकाच टेबलाशीं जेवावें, हव्या त्या बाकावर बसावें, हवें तें पुस्तक हातीं घ्यावें. हें आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु साताऱ्याचें गोणपाट ज्यानें पाहिलें त्याला तें क्षुल्लक कसें वाटेल?

या मोकळेपणाचा उपयोग त्यांनीं वाचनासाठीं केला. विद्यामातेच्या मागें लो ग्रंथालयाचा मोठा घुमट आहे. त्याखालीं त्यांचे दिवस गेले. शिष्यवृत्तींतून घरींही पैसे धाडावयाचे असत, म्हणून खाण्यांत काटकसर करीत. जुन्या पुस्तकांच्या खरेदींत मात्र हात आखडीत नसत. अर्थशास्त्राचे २९ व इतिहासाचे ११ पाठ्यक्रम त्यांनीं घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय होतेच. अर्थशास्त्रांत सेलिग्मन व तत्त्वज्ञानांत जॉन ड्यूई या गुरूंचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९१५ मध्यें ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्यें गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गांत त्यांनीं भारतांतील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जो प्रश्न साताऱ्याच्या वर्गांत कोणालाही विचारतां आला नव्हता, तो येथें विद्वानांपुढें मांडतां आला.

१९१७ मध्यें बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां या विद्वानास शहरांत राहावयास जागा मिळेना. नांव बदलून एका पारशी खाणावळींत उतरले. तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें. एक पारशी वर्षानुवर्षें सोबती होता आणि दुसऱ्या पारशांनीं दार बंद केलें, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ मध्यें मिळाली. ५ जून १९५२ रोजीं त्याच विद्यापीठानें त्यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. त्या प्रवासांत ड्यूई यांना भेटण्याची त्यांना मोठी उत्कंठा होती. परंतु ते वाटेंत असतांनाच, वयाच्या ९२ व्या वर्षीं, त्या वृद्ध गुरूंचा न्यूयॉर्कमध्यें अंत झाला.