विश्लेषण : शिवरायांचा चेहरा आपण ओळखतो कसा? वा. सी. बेंद्रे यांनी काय शोधले होते?

काशीमिरा नाक्यावरचा पुतळा असो, भाईंदरच्या रिक्षेवरचे स्टिकर असो की शिवजयंतीचा फलक. धारदार नाक, टोकदार दाढी आणि जिरेटोप दिसला की नाव वाचावे लागत नाही. मात्र शंभर वर्षांपूर्वी छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र प्रचारात होते. ही चूक दाखवून दिली इतिहास संशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी.

कोण होते बेंद्रे?

बेंद्रे यांचा जन्म १८९४चा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. ऐकीव गोष्टींपेक्षा अस्सल कागद महत्त्वाचा, ही त्यांची शिस्त. ऐतिहासिक साधने कशी पारखावीत, हे सांगणारा 'साधन-चिकित्सा' हा त्यांचा ग्रंथ १९२८ मध्ये आला.

चूक लक्षात का आली नाही?

प्रचारातले ते चित्र इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे होते. ओळखीचा चेहरा आपण डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्या एकत्रित ठेवणीवरून ओळखतो. अनोळखी चेहऱ्यात मात्र केस, शिरोभूषण, चेहऱ्याचा घेर अशा बाहेरच्या खुणांवर जास्त भिस्त असते. महाराजांना पाहिलेले कोणीच हयात नव्हते. त्यामुळे पेहराव जुना आणि खाली नाव महाराजांचे, एवढ्यावर लोकांचा विश्वास बसला.

खरे चित्र कसे मिळाले?

जुने दस्तऐवज तपासताना बेंद्रे यांना व्हॅलेंटाइन या डच व्यक्तीच्या लेखनाशी संबंधित शिवरायांचे चित्र सापडले. १९३३ मध्ये त्यांनी ते लोकांसमोर आणले. नाकाडोळ्यांचे साम्य जुळवायला मूळ चेहराच समोर नव्हता. म्हणून चित्राची ओळख कागदाच्या पुराव्याने पटवावी लागली. आज जो चेहरा आपल्याला क्षणात ओळखू येतो, त्याच्यामागे हे काम आहे.

पुढे काय केले?

हीच कसोटी त्यांनी संभाजी महाराजांच्या चरित्राला लावली. नाटक-कादंबऱ्यांनी संभाजीराजांची प्रतिमा व्यसनी, बेजबाबदार अशी रंगवली होती. सुमारे चार दशकांच्या अभ्यासानंतर १९६० मध्ये बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ते चित्रही बदलले. वढू बुद्रुक येथील संभाजी महाराजांच्या समाधीचा शोधही त्यांच्याच नावावर आहे.

१९८६ मध्ये बेंद्रे यांचे निधन झाले. मोबाइलवर जुन्या व्यक्तींची 'दुर्मीळ' छायाचित्रे रोज फिरतात. ती पुढे पाठवण्याआधी चित्र आले कुठून, हा बेंद्रे यांचा प्रश्न आजही विचारायला हवा.