न्यायसंस्था घडवू निघालेले पोलादमंत्री

केंद्रीय पोलाद व खाण मंत्री मोहन कुमारमंगलम २ मे १९७३ रोजी लोकसभेत बोलावयास उभे राहिले, तेव्हा विषय पोलादाचा नव्हता आणि कोळशाचाही नव्हता. विषय होता सरन्यायाधीशांच्या नेमणुकीचा. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने न्या. अजितनाथ रे यांना सरन्यायाधीशपदी बसवल्याला जेमतेम आठवडा झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती ह. रा. गोखले हे कायदेमंत्री होते. तरीही सरकारच्या निर्णयाचे तात्त्विक समर्थन केले ते कुमारमंगलम यांनी. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, ३१ मे रोजी, दिल्लीत पालमजवळ झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते. आपल्या भूमिकेचे परिणाम पाहण्यास ते उरले नाहीत. देशाला मात्र ते भोगावे लागले.

कुमारमंगलम हे सत्तेसाठी तत्त्वे वाकवणारे राजकारणी नव्हते, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. त्यांचा जन्म १९१६ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील डॉ. पी. सुब्बरायन हे तमिळ प्रदेशातील जमीनदार आणि मद्रास इलाख्याचे एके काळचे मुख्यमंत्री. पुढे १९६२ मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि त्याच वर्षी पदावर असताना निवर्तले. आई राधाबाई मंगळूरच्या सुधारक सारस्वत कुटुंबातील. पहिल्या गोलमेज परिषदेत त्या सहभागी झाल्या होत्या. एक बंधू पुढे लष्करप्रमुख झाले, तर भगिनी पार्वती कृष्णन कम्युनिस्ट खासदार. ईटन, केंब्रिज, केंब्रिज युनियनचे अध्यक्षपद आणि बॅरिस्टरी असा मोहन यांचा शैक्षणिक प्रवास होता. मात्र १९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर या जमीनदारपुत्राने कम्युनिस्ट पक्षाचे कार्य पत्करले आणि १९४१ च्या मद्रास कटाच्या खटल्यात तुरुंगवासही भोगला.

पुढे मद्रासमध्ये त्यांनी वकिलीत नाव कमावले. १९६६ मध्ये ते राज्याचे महाधिवक्ता झाले. डाव्यांनी काँग्रेसबाहेर राहून तिच्याशी झुंजण्यापेक्षा आत शिरून तिला डावे वळण द्यावे, हा विचार ते साठच्या दशकापासून मांडत होते. अखेर ते स्वतःच काँग्रेसमध्ये आले, १९७१ मध्ये पाँडिचेरीतून लोकसभेवर निवडून गेले आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातील प्रमुख विचारवंत ठरले. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

या कार्यक्रमाच्या मार्गातील मोठा अडसर सर्वोच्च न्यायालयाचा आहे, असे तेव्हा सत्ताधारी पक्षाला वाटत होते आणि त्याला कारणेही होती. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार नाकारला गेला. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा दहा विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. तो एक म्हणजे न्या. रे. त्याच वर्षी संस्थानिकांची मान्यता काढून घेण्याचा आदेशही टिकला नाही. १९७१ मध्ये मतदारांनी इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत दिले. त्यानंतर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी निकाल आला : संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. डावलले गेलेले तिघेही बहुमताच्या बाजूला होते, तर न्या. रे अल्पमतात.

कुमारमंगलम यांचा युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. सेवाज्येष्ठता हा घटनेचा नियम नव्हे, केवळ प्रघात आहे. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगानेही १९५८ मध्ये सरन्यायाधीश निवडताना ज्येष्ठतेपलीकडे पाहावे, असे सुचवले होते. न्यायाधीशाला सामाजिक दृष्टी असतेच. मग जनतेने निवडलेल्या सरकारने ती विचारात का घेऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नात लोकशाहीचा एक खरा पेच आहे. न निवडलेल्या न्यायाधीशांनी निवडलेल्या संसदेला कोठवर अडवावे, याचे उत्तर सोपे नाही.

ज्या अहवालाचा त्यांनी आधार घेतला, त्याचे कर्ते सेटलवाड आणि आयोगाचे एक सदस्य छागला हे दोघेही या नेमणुकीविरुद्ध उभे राहिले. आयोगाला अभिप्रेत होती ती गुणवत्ता आणि प्रशासकीय कुवत. सत्ताधाऱ्यांशी वैचारिक जवळीक नव्हे. शासकीय सेवेतील वाचकांना ज्येष्ठता विरुद्ध गुणवत्ता हा वाद नवा नाही. मात्र अधिकारी सरकारचे धोरण राबवतो, तर न्यायाधीशापुढे सरकार हाच सर्वांत मोठा पक्षकार असतो. पक्षकाराने न्यायाधीशाची दृष्टी पारखून बढती दिली, तर प्रत्येक निकालावर पुढच्या पदाची सावली पडते.

दोन वर्षांतच आणीबाणी आली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी १३ न्यायाधीशांचे पीठ बसवले आणि काही दिवसांतच ते बरखास्त करावे लागले. एप्रिल १९७६ मध्ये, स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय चार विरुद्ध एक मतांनी झाला. एकटे विरोधात राहिलेले न्या. खन्ना जानेवारी १९७७ मध्ये डावलले गेले. स्वतः तुरुंग भोगलेल्या कुमारमंगलम यांना हे मान्य झाले असते का, हा प्रश्न निरर्थक आहे. त्यांनी खुल्या केलेल्या दारातून कोण आत येईल, हे त्यांच्या हाती नव्हते.

ज्येष्ठतेचा प्रघात हा काही धैर्याची हमी नव्हे. १९७६ च्या त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. जनता सरकारने १९७८ मध्ये ज्येष्ठतेनुसारच त्यांना सरन्यायाधीश केले आणि पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात त्यांनीच बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीची धार बोथट केली. ज्येष्ठतेचा लाभ इतकाच, की त्यात निकालाच्या बदल्यात पद देण्याची सोय सरकारला राहत नाही. म्हणूनच १९७८ पासून तो प्रघात कोणत्याही सरकारने मोडलेला नाही.

१९७३ आणि १९७७ च्या धसक्यातूनच १९९३ मध्ये न्यायवृंदाची पद्धत आली. आता न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात आणि त्या निवडीची कारणे जनतेला क्वचितच कळतात. ही कोंडी फोडण्यासाठी संसदेने २०१४ मध्ये नियुक्ती आयोग निर्माण केला. तो सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. आपल्याच निवडीवर कोणाची देखरेख नको, हा न्यायालयाचा हट्ट जितका खटकतो, तितकाच सरकारचा निवडीतील रस संशय जागवतो. हा परस्पर अविश्वास हीच कुमारमंगलम यांच्या त्या भाषणाची टिकून राहिलेली वारसदारी आहे.

त्यांचा हेतू प्रामाणिक होता आणि प्रश्नही खरा होता. मात्र न्यायसंस्थेतील कोणताही बदल आजच्या सरकारच्या हेतूवरून जोखून चालत नाही. तोच अधिकार उद्या आपल्या विरोधकाच्या हाती गेला तर चालेल का, हे आधी विचारावे लागते. १९७३ च्या मे महिन्यात सत्ताधारी बाकांवरून तो प्रश्न विचारला गेला नाही.