दुसऱ्यांच्या सुट्टीत राबलेली व्हायोलेट

मैत्रिणींनो, हल्ली आपल्याकडेही क्रूझचं वेड आलंय. मुंबईहून बोटीत बसायचं, गोवा नाहीतर लक्षद्वीप पाहायचं आणि परत यायचं. पोरांना खेळायला जागा, आजी-आजोबांना खुर्ची, सगळ्यांना आयतं जेवण. जाऊन आलेल्या बायका समुद्राबद्दल कमी आणि एकाच गोष्टीबद्दल जास्त बोलतात. चार दिवस अंथरूण घालावं लागलं नाही की चहाचं आधण ठेवावं लागलं नाही! अर्थात, आपण नाही केलं म्हणजे ते कुणीतरी केलंच. जवळजवळ चाळीस वर्षं हे काम करणारी एक बाई होऊन गेली. तिचं नाव व्हायोलेट जेसप.

टायटॅनिकमधून वाचलेली बाई म्हणून जग तिला ओळखतं. पण तिची खरी गोष्ट त्या एका रात्रीपुरती नाही.

व्हायोलेटचा जन्म २ ऑक्टोबर १८८७ चा, अर्जेंटिनातला. आई-वडील आयर्लंडहून पोट भरायला तिकडे गेलेले. ती थोरली. पाठच्या भावंडांतली काही लहानपणीच गेली. तिलाही क्षयासारखं दुखणं झालं, डॉक्टरांनी आशा सोडली, पण पोरगी उठून बसली. पुढे वडील वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. घर चालवायला आईने बोटीवर नोकरी धरली. आई समुद्रावर आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला घरात व्हायोलेट. मग आईचीच तब्येत ढासळली. थोरल्या मुलीचं पुढे काय होतं ते आपल्याला सांगायला नको. शाळा सुटली आणि आईचीच नोकरी लेकीने मागितली.

ही नोकरी म्हणजे स्ट्युअर्डेसची. बोटीवरच्या बायका-मुलांच्या केबिनमध्ये पुरुष नोकराने सारखं जाणं बरं दिसत नसे, म्हणून बायका ठेवत. त्याही शक्यतो पोक्त. व्हायोलेट एकविशीची आणि दिसायला देखणी. साहेब लोकांना वाटे, ही पोरगी कामात काय लक्ष देणार, उलट भानगडीच व्हायच्या. मग तिने जुनेपाने कपडे घातले, तोंडाला काही लावलं नाही आणि मुलाखतीला गेली. नोकरीसाठी चांगलं दिसायची धडपड आपण पाहतो, हिला वाईट दिसावं लागलं! १९०८ मध्ये रॉयल मेल कंपनीच्या ओरिनोको बोटीवर ती लागली.

काम काय, तर जे घरात करतो तेच, फक्त हलत्या जमिनीवर. अंथरुणं, झाडपूस, सकाळचा ट्रे, बाईसाहेबांच्या गाऊनची बटणं, लागलेल्या बोटीने हैराण झालेल्यांची उस्तवार. स्वतःला मळमळत असलं तरी चेहरा हसरा. पगार बेताचा, म्हणून टिपवर नजर.

१९११ मध्ये ती ऑलिंपिकवर होती, तेव्हा त्या बोटीला एका युद्धनौकेची धडक बसली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक. ती कहाणी सिनेमामुळे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगते, की १६ नंबरच्या होडीत बसताना कुणीतरी एक तान्हं बाळ तिच्या हातात दिलं. रात्रभर तिने ते छातीशी धरलं. सकाळी दुसऱ्या बोटीवर चढल्यावर एक बाई धावत आली, बाळ ओढून घेतलं आणि निघून गेली. आभाराचा शब्द नाही. व्हायोलेटला ते लागलं, पण त्या आईची अवस्थाही कळत होती. बोटीवरच्या २३ कामकरी बायकांपैकी तिघी बुडाल्या. आणि ऐका, बोट बुडाली त्या दिवसापासून नोकरवर्गाचा पगार बंद!

तरी ती परत कामावर गेली. लोक याला धाडस म्हणतात. मला वाटतं, घरची चूल हे कारण जास्त खरं.

पहिल्या महायुद्धात ती परिचारिका म्हणून ब्रिटानिक या रुग्णनौकेवर गेली. २१ नोव्हेंबर १९१६ ला ग्रीसजवळ सुरुंगाच्या स्फोटाने तीही बुडाली, जेमतेम ५५ मिनिटांत. टायटॅनिकनंतर आपला दात घासायचा ब्रश नाही याचीच तिला फार चुटपुट लागली होती, म्हणून या वेळी आधी ब्रश उचलला! होडी फिरत्या पंख्याकडे ओढली जाताना तिने पाण्यात उडी टाकली आणि डोकं बोटीच्या तळावर आपटलं. दाट केसांनी वाचवलं असं ती मानायची. डोकेदुखी मात्र राहिली. कवटीला तडा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं ते कितीतरी वर्षांनी.

१९२० मध्ये पुन्हा बोट. आता काळ बदलला होता. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी बाहेरून येऊन राहणाऱ्यांची संख्या आवळली, बोटींवरची गर्दी आटली. कंपन्यांनी मग हौशी प्रवाशांकडे मोर्चा वळवला. कुठे पोचायचं म्हणून नव्हे, नुसतं फिरायचं म्हणून बोटीत बसा! रेड स्टार लाइनची बेल्जनलँड ही सत्तावीस हजार टनांची बोट १९२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कहून जगप्रदक्षिणेला निघाली, त्यानंतरही निघत राहिली. या बोटीवर व्हायोलेटने एकाहून अधिक वेळा पृथ्वीला फेरी मारली. आता प्रवासी आठ दिवसांत उतरून जात नसत, महिनोन्‌महिने तेच चेहरे, त्यांच्याच खोड्या, त्यांचीच रुसवेफुगवे. सासर असावं तसं! बंदर आलं की ते फिरायला उतरत आणि मागे राहिलेल्या खोल्या आवरायच्या असत.

मधेच १९२३ मध्ये तिने लग्न केलं. ते टिकलं नाही. त्याबद्दल ती फारसं बोललीच नाही.

१९५० मध्ये त्रेसष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली. इंग्लंडच्या सफोक भागात गवताने शाकारलेलं एक जुनं घर घेतलं. बाग केली, कोंबड्या पाळल्या. घरभर देशोदेशीच्या प्रवासातल्या वस्तू मांडल्या होत्या. ५ मे १९७१ ला ती गेली. आठवणी तिने १९३० च्या दशकातच लिहून ठेवल्या होत्या. त्या छापून आल्या १९९७ मध्ये, टायटॅनिक सिनेमा आला त्याच वर्षी.