चाळीसगावचे केकी मूस

मुंबईचा सर कावसजी जहांगीर हॉल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला गेला. १९९६ पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला दालन आहे. तेथे वास्तू आधी आली, चित्रे कितीतरी नंतर. आपल्या जळगाव जिल्ह्यात मात्र चाळीसगाव स्टेशनजवळ असा एक जुना बंगला आहे की ज्यातील कला त्याच घरात घडली आणि घरधन्याच्या मागे त्या घराचेच संग्रहालय झाले. हे घरधनी म्हणजे कलामहर्षी केकी माणेकजी मूस.

मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. कलेच्या ओढीने ते इंग्लंडला गेले, तेथे शिक्षण घेतले आणि १९३८ च्या सुमारास चाळीसगावी परतले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला.

का, याची कथा खानदेशात सर्वतोमुखी आहे. प्रेयसीने पंजाब मेलने येण्याचे वचन दिले होते. ती आली नाही. आणि मूस रोज रात्री गाडीच्या वेळी दारे-खिडक्या उघडून तिची वाट पाहत राहिले, असे सांगतात. कथा मनाला चटका लावते खरी. पण मला वाटते, तिने मूस यांच्यावर थोडा अन्यायच केला आहे. विरही प्रियकर तेवढा आपल्या ध्यानात राहिला, कलावंत मागे पडला. हा माणूस पन्नास वर्षे नुसता वाट पाहत बसला नव्हता!

त्यांची खरी कीर्ती ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणातली. या प्रकारात टेबलावर वाळू, काटक्या, कापूस अशा साध्यासुध्या वस्तूंची मांडणी करतात आणि त्यावर प्रकाश असा टाकतात की छायाचित्रात वीतभर जागेचा विस्तीर्ण मुलूख दिसावा. यात सारी कसोटी प्रकाशाची आणि प्रमाणाची. सावली जरा चुकली की डोंगराचा पुन्हा वाळूचा ढीग होतो. बाहेरचे जग पाहायला न जाणाऱ्या या माणसाने ते घरातच उभे केले, आणि त्या छायाचित्रांना देशोदेशींची तीनशेहून अधिक पारितोषिके मिळाली. याखेरीज चित्रकला, काष्ठशिल्प, मातीकाम, कागदाच्या घड्यांची कला आणि सतारवादन! एका आयुष्यात एवढे कसे मावले, याचे उत्तर बहुधा त्या मिटलेल्या दारातच असावे. अर्थात त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगावीच त्यांचे निधन झाले. बंगल्यात त्यांच्या कलाकृती जतन केलेल्या आहेत.

यावलहून भुसावळला जाऊन मुंबईची गाडी धरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वाटेत चाळीसगाव लागते. गाडी थांबते, खिडकीतून चहा घेतला जातो आणि गाडी सुटते. तेथे उतरलेले मात्र आमच्या वर्गात मला दोघेच भेटले.