राजा सर टी. माधवराव

सत्ता हाती येणारे पुष्कळ. परंतु समय येताच ती ज्याची त्यास स्वच्छ हातांनी परत करणारे विरळा. राजा सर टी. माधवराव हे अशा विरळ पुरुषांपैकी होत.

त्यांचा जन्म इ. स. १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे मराठी देशस्थ ब्राह्मण कुळात झाला. वडील व चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासेस इंग्रजी विद्या संपादून ते १८४९ साली त्रावणकोरच्या राजकुमारांचे शिक्षक झाले व पुढे १८५८ साली दिवाण. राज्य कर्जात बुडालेले होते. मिरी व तंबाखूचे सरकारी मक्ते मोडून त्यांनी व्यापार मोकळा केला आणि १८६३ पर्यंत संस्थान ऋणमुक्त केले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनीवरील कुळांना मालकी मिळाली.

१८७३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांस इंदुरास दिवाण नेमले. १८७५ त मल्हारराव गायकवाड पदच्युत होताच विस्कटलेले बडोदे त्यांच्या स्वाधीन झाले. कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते. बालराजाच्या नावे कारभार करणाऱ्यास मोह कमी नसतो. पण माधवरावांनी १८८१ साली व्याख्याने देऊन त्याच राजास राजधर्म शिकविला. त्या वर्षी २८ डिसेंबरला राज्याधिकार महाराजांकडे गेले आणि १८८२ त दिवाण निवृत्त झाले.

१८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८९१ साली त्यांचा देहान्त झाला. अधिकार ही परक्याची ठेव आहे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.