होकुसाई आणि चित्रकथेची रेषा

कात्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराचा जन्म १७६० मध्ये एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकिओत, झाला. बालपणी पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानात आणि पुढे लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या हाताखाली त्याने काम केले. वाचकाला चित्रात काय हवे असते आणि कोरणीखाली कोणती रेषा टिकते, हे त्याला चित्रकार होण्यापूर्वीच उमगले असावे. १७७८ च्या सुमारास तो कात्सुकावा शुन्शोच्या चित्रशाळेत दाखल झाला. गुरूच्या मृत्यूनंतर ती त्याने सोडली. नावेदेखील त्याने आयुष्यात तीसाहून अधिक घेतली आणि टाकली.

‘मांगा’ या नावाने त्याच्या रेखाटनांचा पहिला भाग १८१४ मध्ये निघाला. पंधरावा आणि अखेरचा १८७८ मध्ये, त्याच्या पश्चात. जपानी चित्रकथांना आज हेच नाव असल्यामुळे होकुसाईस त्यांचा जनक ठरविण्याची प्रथा पडली आहे. ती ग्राह्य वाटत नाही. या भागांत सलग कथा नाही. मल्ल, पक्षी, भुते, वाऱ्यापावसात सापडलेली माणसे यांची ही चित्रे शिकाऊंनी गिरवावीत म्हणून काढलेली आहेत. चित्रकथेच्या अर्थाने हा शब्द रूढ केला तो विसाव्या शतकाच्या आरंभी कितझावा राकुतेनने, आणि त्याच्यापुढे आदर्श होता पाश्चात्त्य वृत्तपत्रांतील व्यंगचित्रांचा.

होकुसाईचा खरा वारसा शोधावयाचा तो बाकिनच्या कादंबऱ्यांसाठी त्याने केलेल्या कामात. ‘चिन्सेत्सु युमिहारिझुकी’ (१८०७–११) ही त्यांतील प्रमुख. तीव्र प्रकाश वा स्फोट दाखविताना तो एका बिंदूतून पानभर सरळ रेषा फाकवितो. डोळ्यांस दिसत नाही ते बळ रेषेने दिसते. आजच्या चित्रकथेत धडक आणि वेग याच युक्तीने दाखवितात. आपल्याकडील पिंगुळीच्या चित्रकथ्यांच्या पोथीतही चित्रामागून चित्र येते, पण तेथे प्रसंगाला गती देतो तो गाणारा माणूस. येथे ते काम रेषेवरच पडले आहे.

‘कानागावाची महालाट’ हे जगप्रसिद्ध चित्र १८३१ च्या सुमाराचे. तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. ठसठशीत बाह्यरेषा आणि तिच्या आतील सपाट रंग ही जपानी ठसाचित्रांची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या चित्रकारांनी उचलली. बेल्जियमच्या हर्जेने ‘टिनटिन’मध्ये वापरलेल्या स्वच्छ रेषेचे नाते समीक्षक तेथवर नेऊन भिडवितात.

होकुसाईच्या घरी मात्र दारिद्र्य सरले नाही. १८३९ च्या आगीत त्याची असंख्य रेखाटने जळाली. कन्या ओई, स्वतः उत्तम चित्रकर्ती, अखेरपर्यंत त्याच्यासोबत राहिली. १८४९ मध्ये तो निवर्तला. त्या वर्षापर्यंत त्याचे चित्र काढणे चालूच होते.